कृतीत आकडे द्या, म्हणजे म्हातारी भोपळ्यात बसेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की ठाण्यात गावदेवी मैदानापासून सोसायट्यांच्या सभागृहांपर्यंत हस्तकलेची प्रदर्शने लागतात. गेली काही वर्षे तिथे क्रोशाच्या छोट्या बाहुल्या खूप दिसतात. त्या पाहून घरी करून बघावे असे अनेकींना, आणि आता मुलांनाही, वाटते. पण वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जी कृती छापून येते, तिच्यात एक सुंदर फोटो असतो आणि खाली 'गोल विणून कापूस भरावा, आवडीप्रमाणे सजवावे' एवढेच. टाके किती, कुठल्या फेरीला वाढवायचे, कुठे घटवायचे, काही नाही. रुमाल किंवा तोरण अशा अंदाजाने जमून जाते. बाहुली जमत नाही, कारण तिचा आकार फक्त टाक्यांच्या संख्येतून येतो. आपल्या पुरवणीत यापुढे फेरीगणिक आकडे छापावेत, अशी विनंती आहे. नमुना म्हणून एक पूर्ण कृती या पत्रातच देत आहोत.

पात्र निवडले आहे ते 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक'मधल्या म्हातारीचे. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होणारी ही म्हातारी मराठी घरात वेगळी ओळखून द्यावी लागत नाही. प्रदर्शनातल्या टेबलांवर मात्र परदेशी कार्टूनच ओळीने मांडलेली असतात. विक्रीसाठी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या कार्टूनना मालक आहेत आणि परवानगीशिवाय त्यांच्या बाहुल्या विकणे कायद्याला धरून नाही. लोककथेतल्या म्हातारीवर कुणाचाच हक्क नाही.

आधी साहित्य. आठ पदरी सुती दोरा आणि २.५ मिमीची सुई. गुंड्यावर याहून जाड सुई सुचवलेली असते, ती कपड्यांसाठी. बाहुलीला वीण घट्ट लागते, नाहीतर टाक्यांतून आतले पांढरे दिसते. अंगाच्या रंगाचा दोरा १५ ग्रॅम, लुगड्याचा हिरवा २० ग्रॅम, चोळी आणि काठासाठी लाल १० ग्रॅम, केसांना पांढरा १० ग्रॅम, भोपळ्याला केशरी ५० ग्रॅमचा एक गुंडा आणि देठापुरता तपकिरी. लाल आणि गडद हिरवा दोरा आणल्यावर त्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग उतरत असेल तर तो दोरा पांढऱ्या केसांच्या शेजारी नको, पहिल्याच धुण्यात म्हातारीचा अंबाडा गुलाबी होतो. भरायला उशीत घालतात तो पॉलिएस्टर फायबर, २० ग्रॅम पुरे. कापूस घालू नये. तो ओला झाला की त्याच्या गाठी होतात, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात आतून लवकर वाळत नाही, मग कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

सगळी बाहुली एकाच टाक्याने होते, तो म्हणजे मुका खांब. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा, पुन्हा दोरा घेऊन सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा. इंग्रजी नमुना वाचणाऱ्यांची इथे फसगत होते. ज्याला अमेरिकी पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला हे न पाहता विणले तर टाका दुप्पट उंच होतो आणि बाहुली जाळीदार होते. फेऱ्या साखळीने न जोडता चक्राकार विणत जायच्या, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन हवीच. सुरुवात ओढून बंद होणाऱ्या गोल फासाने, म्हणजे मॅजिक रिंगने. सुती दोरा निसरडा असल्याने हा फास बोटाभोवती दोनदा गुंडाळून करावा आणि शेपूट किमान दहा सेंटीमीटर ठेवून आत फिरवून शिवावी. ही काळजी घेतली नाही तर खेळता खेळता बरोबर मधोमध भोक पडते.

म्हातारी पायापासून सुरू करावी. नऊवारीला काष्टा असतो, त्यामुळे घागऱ्यासारखी एक नळी विणून चालत नाही, दोन पाय वेगळे लागतात. अंगाच्या रंगाने फासात ६ टाके, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे १२, मग १२ च्याच दोन फेऱ्या. पुढे हिरवा दोरा लावून १२ च्या सहा फेऱ्या. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने काढावा, नाहीतर सांध्यावर जुन्या रंगाचा ठिपका दिसतो. दुसरा पाय तसाच, पण त्याचा दोरा तोडू नये. तीन साखळ्या घालून पहिल्या पायाला जोडावे, त्याचे १२ टाके, साखळीवर ३, दुसऱ्या पायाचे १२ आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूवर ३ असे ३० टाके मिळतात. ३० च्या ऐवजी २८ किंवा ३१ आले तर तिथेच उसवा. ही चूक पुढे लपत नाही, एक बाजू फुगते. फेरीची सुरुवात पाठीच्या मध्यावर येईल असे पाहावे, रंगबदलाची पायरी मग पाठीमागे राहते.

३० च्या सहा फेऱ्या झाल्या की म्हातारीला पोक द्यायचे. इथे बहुतेक जणी पुढच्या बाजूला घट घालतात आणि बाहुली मागे कलते. घट पाठीच्या बाजूला हवी, म्हणजे पाठ पुढे उतरत जाते. पाठीवर तीन ठिकाणी दोन टाक्यांचा एक करून २७, पुढच्या फेरीत पुन्हा पाठीवर तीन घट करून २४. सहाही घट एकाच फेरीत घातल्या तर पाठीला चुण्या पडतात. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्यावेत, फट राहत नाही. आता लाल दोऱ्याने चोळीच्या २४ च्या तीन फेऱ्या, मग दोन टाके साधे आणि एक घट असे सहा वेळा करून १८. अंगाच्या रंगाने १८ ची एक फेरी, ही मान. अनेक नमुन्यांत मान १२ टाक्यांची असते. डोके भरल्यावर एवढी बारीक मान डोक्याचे वजन पेलत नाही आणि ते लुळे पडते. त्यात काडी किंवा तार घालून आधार देण्यापेक्षा १८ टाके ठेवून मानेत फायबर घट्ट बसवावा.

डोके वेगळे विणून शिवण्याची गरज नाही. मानेवरूनच २४, ३०, ३६, मग ३६ च्या सात फेऱ्या, पुढे ३० आणि २४. वाढ प्रत्येक फेरीत त्याच जागी आली तर डोक्याला सहा कोपरे येतात. म्हणून एका फेरीत वाढ सुरुवातीला घेतली तर पुढच्या फेरीत निम्मे साधे टाके आधी विणून मग वाढ घ्यावी. २४ वर थांबून चेहरा दोऱ्याने भरून काढावा, कारण अजून आत बोटे जातात आणि गाठी आतच राहतात.

चेहऱ्यावर वय दिसायला हवे. डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब लावले की चेहरा बाळाचा होतो, बाजारातल्या बहुतेक बाहुल्या म्हणूनच गोंडस वाटतात. म्हातारीसाठी डोळे ३६ च्या फेऱ्यांपैकी तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये, दोघांत पाचच टाके अंतर ठेवून, काळ्या दोऱ्याच्या आडव्या बारीक टाक्यांनी भरावेत. प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला गडद तपकिरी दोऱ्याचे दोन तिरपे टाके घातले की सुरकुत्या झाल्या. तोंड किंचित आत ओढून घ्यावे, बोळके दिसते. प्लास्टिकचे डोळे लावू नयेत. त्यांची मागची चकती सैल विणीतून निसटू शकते, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ती जीवघेणी वस्तू आहे. तारेचा चष्मा आणि लाकडी काठी यांनाही हेच लागू. काठी हवी असेल तर १८ साखळ्या घालून त्यावरून सरकत्या टाक्यांची (टाक्यातून आणलेला दोरा थेट सुईवरच्या वेढ्यातूनही ओढून घ्यायचा) एक ओळ परत आणावी आणि हातालाच शिवून टाकावी.

मग फायबर भरत भरत १८, १२, ६ करून बंद करावे. फायबर लहान लहान झुपक्यांनी, कडेपासून आत भरत जावा. एकदम मोठा गोळा कोंबला तर गाठ बाहेरून दिसते. पायांच्या वरच्या टोकाला मुद्दाम कमी भरावा, नाहीतर म्हातारी बसणारच नाही.

हात ६, मग ८, आठच्या सात फेऱ्या अंगाच्या रंगाने आणि तीन लाल. ते कुठे शिवायचे हे टाके मोजून ठरवू नये. चक्राकार विणीत प्रत्येक फेरी थोडी बाजूला सरकते, त्यामुळे मोजणी बरोबर असूनही हात पाठीवर जातात. टाचण्या लावून, समोरून डोळ्यांनी पाहून ठरवावे. केसांसाठी पांढऱ्याने ३६ पर्यंत वाढवत सहा फेऱ्या आणि ३६ च्या तीन, ही टोपी डोक्याला शिवायची. अंबाडा ६, १२, १८, अठराच्या दोन फेऱ्या आणि १२.

लुगड्याचा पदर आठ टाक्यांची सोळा-सतरा सेंटीमीटर लांब पट्टी. लांब कडांना लाल काठाची एकेक ओळ. ती उजव्या कमरेपासून पुढून डाव्या खांद्यावर घेऊन मागे सोडायची. काष्टा पाच टाक्यांची नऊ सेंटीमीटर पट्टी, पोटाखालून दोन पायांतून मागे कमरेत खोचून शिवायची. पट्ट्या वळत असतील तर ओले फडके ठेवून इस्त्री फिरवावी. दोरा अॅक्रिलिकचा असेल तर मुळीच नाही, तो उष्णतेने कायमचा लुळा पडतो.

भोपळा शेवटी करायचा, म्हातारी बसवून मापता येतो. एकाच गुंड्याचे आतले आणि बाहेरचे टोक एकत्र घेऊन दुहेरी दोऱ्याने, ३.५ मिमीच्या सुईने विणावा. एकेरी दोऱ्याचा पोकळ भोपळा उभा राहत नाही, खाली बसतो. ६ पासून दर फेरीला सहा वाढवत नऊ फेऱ्यांत ५४. डोक्यात नको असलेला षटकोन इथे उपयोगी पडतो. वाढ मुद्दाम त्याच जागी घ्यावी, कोपऱ्यांच्या सहा रेघा आपोआप उमटतात. त्या रेघा काठापर्यंत नेऊन त्यांवर गडद दोऱ्याने साखळी टाका घातला की फाका दिसतात. उभ्या भिंतीच्या ५४ च्या चौदा फेऱ्या. त्यातली पहिली फेरी टाक्यांच्या मागच्या धाग्यातून विणली तर बूड सपाट होते आणि भोपळा कपाटात नीट बसतो. मूल खेळणार असेल तर तसे करू नये, गोल बुडाचा भोपळा टुणूक टुणूक गडगडला पाहिजे. झाकण ६ पासून ३६ पर्यंत सरळ, पुढे ३६ ची एक साधी फेरी, मग ४२, ४२, ४८, ४८, ५४, ५४, म्हणजे घुमटासारखे वर येते. देठ तपकिरी सहा टाक्यांच्या पाच फेऱ्या. झाकण मागे आठ टाक्यांवर शिवावे. पुढे बटण लावायचे नाही, साखळीचा फास आणि विणलेली गाठ पुरते.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे, हाताला धरून दोरीवर लटकवू नये, पंख्याखाली आडवी वाळवावी. जुलै-ऑगस्टात शक्यतो धुऊच नये.

विकणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह लागते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. प्रदर्शनात टेबल घेण्याआधी ही नोंदणी करून घ्यावी. आयोजकांनीही टेबलाचे पैसे घेताना ती विचारावी, असे आमचे ठाम मत आहे.

जागेअभावी पत्रात काटछाट करावी लागल्यास सुरुवातीचा मजकूर कमी करावा. फेऱ्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे छापावेत आणि मुद्रितशोधनात एकदा मोजून घ्यावेत, ही विनंती.

आपल्या,
क्रोशा विणणाऱ्या काही वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)