दोन बोटं मागं सरकलेला पाय

काका,

जत्रेतलं नाटक होऊन आठ दिवस झाले. मांडव उतरला, खाज्यांची दुकानं गेली, तरी माझ्या डोळ्यांसमोरून तुमचा तो पाय हलत नाही. तोंडावर आभार मानले तर तुम्ही उठून जाल, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही आमचे प्रॉम्प्टर. हँडबिलावर शेवटून दुसरं नाव. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' उत्सवाला बसवायचं ठरलं आणि दारुड्या सुधाकराची बायको सिंधू माझ्या वाट्याला आली. आमच्या पहिल्या दिग्दर्शकांना मी एकदाच विचारलं होतं, माहेरची माणसं न्यायला आलेली असताना ही बाई का जात नाही? "गडकऱ्यांना विचार," म्हणाले, आणि सगळे हसले. गडकरी १९१९च्या जानेवारीतच गेले, नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. विचारणार कुणाला? गृहस्थांचं दिग्दर्शन म्हणजे मला 'पदर डोळ्याला लाव' आणि सुधाकराला 'झोकांड्या खा'. पुढं त्यांना दुसरीकडचं मोठं काम मिळालं आणि ते फिरकलेच नाहीत. बरंच झालं म्हणायचं.

तालमीच्या एका रात्री 'कशि या त्यजू पदाला' हे नवऱ्याच्या पायाशी वाकून म्हणायचं पद तिसऱ्यांदा म्हणून झालं. सूर लागत होता, पण प्रवेश मेलेलाच. तुम्ही वही मिटलीत, गुडघ्यावर हात टेकून उठलात, सुधाकराला बाजूला केलंत आणि त्याच्या खुर्चीवर बसलात. चपला काढल्यात. "म्हण," म्हणालात. मी पदापर्यंत आले, वाकले, हात पुढं केला, आणि तुम्ही पाय मागं घेतलात. दोनच बोटं. धोतराच्या काठाखाली. माझा हात तसाच अधांतरी राहिला.

तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याला लाज वाटते गो. ते तुला कळतं, आणि तुला कळतं हे त्यालाही कळतं."

सनद गेलेला हुशार वकील, ज्याला बायकोच्या डोळ्यांत अजून तोच जुना मान दिसतो आणि नेमका तोच सोसवत नाही, हे त्या दोन बोटांत होतं. तोवर मी सिंधूला नुसती सोशिक समजत होते. पाय मागं सरला तेव्हा मला राग आला, खरा, आणि त्या रागातच पद म्हटलं. एरवी भरजरी शालूंत वावरणारे बालगंधर्व सिंधूसाठी जुनेरं नेसत, हे ऐकून माहीत होतं. पण लुगडं बदलून सिंधू होता येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नाटकाच्या रात्री पुढच्या रांगेतल्या बायकांची चण्याची पुडी वाजायची थांबली, ती तिथंच. सुधाकरानं पाय घेतला चार बोटं. उत्साही मुलगा आहे, चालायचंच.

पडदा पडल्यावर सगळे पाहुण्यांबरोबर फोटोला उभे राहिले. तुम्ही विंगेत टॉर्च लावून वहीची सुटी पानं जुळवत होता. अशी माणसं आहेत म्हणून आमच्या देवळांपुढं अजून नाटकं होतात. मखरात बसणाऱ्यांमुळं नव्हे. मी नमस्काराला वाकले, तर तुम्ही पुन्हा पाय मागं घेतलात.

"पुरो गो बाय," म्हणालात, "च्या घे आदीं."