बेन नेव्हिसच्या फेरीआधी: सईस पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरात कार्न मोर डिअर्ग या शेजारच्या शिखराच्या अरुंद खडकाळ धारेवरून बेन नेव्हिस, म्हणजे स्कॉटलंडचं सर्वात उंच शिखर, करायचा बेत कळला. फोटो पाहून तुम्ही दोघी धारेलाच घाबरलेल्या दिसता. धार मोकळ्या हवेत जमते. माणसं चुकतात ती माथा गाठल्यावर, ढगात, उतरताना. म्हणून थोडी ताकद आणि सगळं लक्ष त्या वेळेसाठी राखून ठेवा.

फेरी साधारण १८ किलोमीटरची, एकूण चढ १५०० मीटर. नेस्मिथचा नियम लावला (तासाला ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाला एक तास) तर सहा तास निघतात. तो हिशेब बऱ्या वाटेचा. इथे अर्धी चाल दगडांवरून आहे, तेव्हा दहा-अकरा तास धरा. सप्टेंबरच्या मध्याला साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी सातला चालायला लागा. ग्लासगोहून सकाळची रेल्वे दुपारी पोचते, त्यामुळे आदल्या रात्री पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावातच मुक्काम हवा.

सुरुवात टॉरलंडीच्या नॉर्थ फेस कार पार्कमधून. जंगल संपलं की ओढ्याकाठची वाट सोडून डावीकडे सोंडेवर चढायचं. खाली चिखल, वर घसारा. कार्न बेग डिअर्ग (१०१० मीटर) करून कार्न मोर डिअर्ग (१२२० मीटर). इथे एकच्या आत पोचला नाहीत, किंवा वाऱ्यात तोल जातोय असं वाटलं, तर आल्या वाटेनं परत. पुढे धारेवरून पळवाट नाही. उजवीकडे खोल कोरी (कड्यांनी वेढलेला वाडग्यासारखा खोलगट भाग) आणि डावीकडे उतरलात तर भलत्याच खोऱ्यात, गाडीपासून कितीतरी लांब.

धारेचा ग्रॅनाइट खरबरीत आहे, ओला असला तरी बूट धरतो. हात लागतात, दोर लागत नाही. ट्रेकिंग पोल आधीच सॅकला बांधून टाका, हातात राहिले तर अडकतात. धारेच्या अगदी वरून चालायचं नसेल तिथे बऱ्याच ठिकाणी डावीकडे किंचित खालून पाऊलवाट आहे. धार उजवीकडे वळत १०५८ मीटरच्या खिंडीत उतरते. तिथून नेव्हिसचा जवळपास तीनशे मीटरचा खडा चढ, सगळा सुट्या दगडांचा. दोघी एकमेकींच्या बरोबर खाली चालू नका, वरचीच्या पायाखालून दगड सुटतो.

आता माथा, १३४५ मीटर. १८८३ ते १९०४ इथे वेधशाळा होती, तिचे अवशेष दिसतील. तिच्या नोंदींप्रमाणे माथ्याचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या जरा खालीच आहे. सह्याद्रीतल्या पावसात भिजून आपण हसतो. इथला पाऊस ४-५ अंशांवर वाऱ्यासकट येतो, तेव्हा जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट दोन्ही, हातमोज्यांचे दोन जोड, टोपी, हेडटॉर्च, शिट्टी, सर्व्हायव्हल बॅग (अडकलात तर आत शिरून ऊब राखायची प्लास्टिकची मोठी पिशवी). खायला दशम्या आणि चिक्की. थंडीत चॉकलेट दगड होतं.

ढग असला तर माथ्यावरच्या त्रिकोणमिती खांबाला (नकाशा-मोजणीसाठी उभारलेला खांब) पाठ लावून होकायंत्र काढा. आधी २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर, उतरायच्या नागमोडी वाटेचं वरचं टोक सापडेपर्यंत. हे अंश नकाशाच्या जाळीचे आहेत, चुंबकीय फरक नकाशाच्या कडेला दिलेला असतो तो बघून दुरुस्ती करा. सरळ पश्चिमेकडे निघालात तर उजव्या हाताला गार्डीलू घळीचं तोंड आहे (वेधशाळेतले लोक कचरा त्यातच टाकत). तिला घाबरून जास्त डावीकडे सरकलात की फाइव्ह फिंगर घळ. ती वरून साधा उतार वाटते आणि खाली कड्याला जाऊन मिळते. १५० मीटरला तुमची किती पावलं होतात ते आजच रस्त्यावर मोजा. दगडांवर पाऊल आखूड पडतं, दहा-पंधरा जास्त धरा. दगड रचलेल्या खुणा आहेत, पण बर्फात त्या बुजतात आणि दाट ढगात पुढची दिसत नाही. फोनवर भिस्त नको: थंडीत बॅटरी बसते, ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा ३९२ क्रमांकाचा एक्सप्लोरर नकाशा कागदावरच घ्या.

नागमोडी वाट उतरून मधल्या तळ्याशी आलात की मुख्य वाट सोडून उत्तरेला तळ्याच्या कडेनं जायचं आणि दलदलीतून पुन्हा ओढ्याकडे. हा फाटा चुकला तर मुख्य वाटेनं ग्लेन नेव्हिस या दुसऱ्याच खोऱ्यात उतराल. धोका काही नाही, टॅक्सीचे पैसे तेवढे जातील.

आदल्या संध्याकाळी एमडब्ल्यूआयएसचा (डोंगरांसाठीची हवामान सेवा) अंदाज बघा. माथ्यावर ताशी ४० मैलांपेक्षा जास्त वारा दाखवला तर धार रद्द, साधी वाट करा. अडचण आली तर ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा. रूममेटला मार्ग आणि रात्री नऊची वेळ लिहून दे, आणि तिचा नंबर मला पाठव.

तुझी,
आई