पुस्तकाच्या फाइलबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फाइल नीट पाहिली. एकशिक्षकी शाळेचं प्रकरण फार सुंदर उतरलंय. पण एक ऐका, ओळ न् ओळ निवडून फॉन्ट बदलत बसणं आजपासून बंद करा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना एवढा ताण नकोच, आणि तसं करून हे काम संपणारही नाही.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये, म्हणजे आपण पुस्तक लिहितो त्या प्रोग्राममध्ये, प्रत्येक परिच्छेदाला एक स्टाइल असते. फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर हे सगळं तिच्यात ठरलेलं असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तो गणवेश. आपण हाताने केलेला बदल म्हणजे गणवेशावर चढवलेला स्वेटर. मी केलेल्या टेम्प्लेटने (म्हणजे स्टाइल्सच्या तयार साच्याने) गणवेश बदलला तरी स्वेटर अंगावर तसेच राहिले, म्हणून निम्मी पानं बदलली आणि निम्मी नाहीत. एफ ११ दाबून स्टाइल्सची पट्टी उघडा आणि ‘स्पॉटलाइट’वर टिक करा (ही सोय ७.६ आवृत्तीपासून आहे). समासात ज्या चौकोनावर तिरप्या रेघा दिसतील, तिथे हाताने केलेला बदल आहे.

आधी फाइलची एक प्रत काढा आणि सगळं त्या प्रतीवरच करा. मग प्रकरणांच्या नावांवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ दाबा, म्हणजे त्यांना ‘हेडिंग १’ लागेल. तुम्ही ती नुसती ठळक केली होती, म्हणूनच अनुक्रमणिकेत येत नव्हती. आईच्या ओव्यांसाठी टेम्प्लेटमध्ये ‘ओवी’ नावाची वेगळी स्टाइल केली आहे. ती फाइलमध्ये आणायला स्टाइल्स मेनूतून ‘लोड स्टाइल्स फ्रॉम टेम्प्लेट’ निवडा आणि ‘ओव्हरराइट’वर टिक नक्की करा, नाहीतर त्याच नावाच्या जुन्या स्टाइल तशाच राहतात. ओव्यांना ती स्टाइल लागली की सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि एम. हाताने केलेले बदल निघून जातात, परिच्छेदांच्या स्टाइल मात्र टिकतात. वाक्यांतले ठळक शब्दही साधे होतील. ते मागाहून मी करीन.

एक प्रकरण मात्र यातून वगळा: बाजारातल्या दुकानातून टाइप करून आणलेलं. ते जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे. त्यात आतली अक्षरं रोमनच असतात, फॉन्टमुळे फक्त मराठी दिसतात. तिथे कंट्रोल-एम केलंत तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतील आणि तुम्ही घाबराल. ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आतली अक्षरंही मराठीच असतात त्या पद्धतीत, बदलायला हवं. मला पाठवून द्या.

आणखी एक, ज्यावर मराठी लिहिणारे हमखास अडतात. स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये दोन भाग असतात, वेस्टर्न (रोमन अक्षरांसाठी) आणि सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, देवनागरीसारख्या लिप्यांसाठी). देवनागरी दुसऱ्या भागातून ठरते. पहिल्या भागात कितीही आकार वाढवा, मराठी अक्षर जागचं हलत नाही. टेम्प्लेटमध्ये मी दोन्हीकडे नीट भरून ठेवलंय, पण पुढे तुम्हाला अक्षर मोठं करावंसं वाटलं तर सीटीएलच्या भागातच करा.

आई, तू व्हॉट्सअ‍ॅपवरून ओव्या उचलून फाइलमध्ये टाकतेस ना, तेव्हा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाब. म्हणजे नुसता मजकूर येतो, बाहेरचं रंगरूप येत नाही. आणि टेम्प्लेटवरून सुरू केलेली नवी फाइल उघडताना कधी ‘अपडेट स्टाइल्स’ की ‘कीप ओल्ड स्टाइल्स’ असं विचारलं, तर पहिलंच निवडा. दुसरं निवडलं की त्या फाइलचा टेम्प्लेटशी संबंध तुटतो आणि ती पुन्हा विचारत नाही.

रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा एक प्रकरण तिघं मिळून करू. तोपर्यंत आई, आजीच्या ओव्यांत ओळ कुठे तोडायची त्या जागा कागदावर खुणा करून ठेव. त्या तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत.

तुमची,
लेक