वटवाघूळ पक्ष्यांत ठेवून घंटा होते : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

जीवशास्त्राला आठवड्यातून एक जोडतासिका देऊ, असा शब्द आपण पुण्यातल्या शिक्षकांच्या बैठकीत दिला होतात. नवं वेळापत्रक हाती आलं. तासिका सुट्याच, ३५ मिनिटांच्या.

३५ मिनिटांत काय होतं ते ऐका. उत्क्रांती शिकवताना आम्ही मुलांकडून वंशवृक्ष बांधून घेतो. प्राणी सात : लॅम्प्रे (बिनजबड्याचा मासा), रोहू, बेडूक, पाल, कबुतर, वटवाघूळ, मांजर. लक्षणं सहा : जबडा, चतुष्पादांचा (चार हातपायांचा, पंख धरून) सांगाडा, गर्भाभोवतीचं उल्ब (पातळ आवरण), केस, विष्ठेतलं यूरिक आम्ल, पंख. असेल तर १, नसेल तर ०. लॅम्प्रेला सगळी शून्यं. तो बाह्यगट, त्याच्याशी ताडूनच नवं लक्षण कोणतं ते ठरतं. पिसं मुद्दाम घेत नाही. ती एकट्या कबुतराची, त्यांवरून नातं जुळत नाही. यूरिक आम्लासाठी प्रयोगशाळा नको : पालीच्या लेंडीचं पांढरं टोक आणि सोसायटीच्या ग्रिलवरची कबुतरांची रांगोळी पुरते.

तक्ता भरायला २० मिनिटं. मग वृक्ष. पंख दिसले की मुलं कबुतर आणि वटवाघूळ एका फांदीवर बसवतात, आणि घंटा होते! खरा धडा तर इथून पुढे. प्रत्येक वृक्षावर लक्षण किती वेळा बदललं ते मोजायचं; ज्यात बदल कमी, तो वृक्ष स्वीकारायचा. कबुतर पालीजवळ, वटवाघूळ मांजराजवळ ठेवलं तर पंख दोनदा आले असं धरूनही एकूण बदल ७. पंखवाल्यांची जोडी लावली तर ८, कारण पंखांचा एक बदल वाचतो, पण केस आणि यूरिक आम्ल दोन्हींना एकेक जास्त मोजावा लागतो. या मोजणीला आणखी अर्धा तास लागतो. तो आपल्याकडे अडकलाय, म्हणून वटवाघूळ मुलांच्या वहीत पक्षीच राहतं.

दुसरा घोळ शिडीचा. वहीतला वृक्ष मुलं डावीकडून उजवीकडे वाचतात. शेवटचा तो म्हणे ‘प्रगत’. स्ट्रॉमध्ये दोरा ओवून वृक्ष टांगला की फांद्या फिरतात, मांजर बेडकाशेजारी येतं, नातं मात्र तेच. स्ट्रॉ-दोऱ्याचा खर्च गटामागे फार तर वीस रुपये, तोही आमच्याच खिशातून. डिजिटल फळा मिळाला, आभार. वीज असते तेव्हा त्यावर आपली भाषणं छान दिसतात.

२०२३ मध्ये केंद्राच्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं. आपल्या राज्याने दहावीला धडा ठेवला, वर वेळ काढून घेतला. म्हणजे ताट वाढलंय, जेवायला बसू नका! उरलेला वेळ मतदार याद्या आणि सर्वेक्षणं खातात. अकरावी-बारावीची मुलं हजेरीपटावर इथे, बसतात क्लासमध्ये, तिथे चार पर्यायांतून एक निवडायचा. वृक्ष बांधतो कोण?

आठवड्यातून ७० मिनिटं सलग द्या. बाकी सामान आमचं.

आपले,
पुण्यातले काही जीवशास्त्र शिक्षक

ता. क. ‘प्राणी वाढवून उपक्रम समृद्ध करा’, असं आपले अधिकारी सुचवून गेले. लॅम्प्रे वगळता उरलेल्या सहांचे, प्रत्येक ठिकाणी दोनच फांद्या धरून, ९४५ वृक्ष संभवतात. सहाऐवजी दहा घेतले तर ३,४४,५९,४२५. वेळ तेवढाच ना, ३५ मिनिटं?