पास मंजूर झाला, पण आक्का गेल्यावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

करोनाकाळातील निर्बंधांविषयी काल आपल्या पानावर आलेला लेख वाचला आणि रात्रभर मन शांत झाले नाही. साथीत व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा बोलणारी माणसे म्हणजे मास्क झुगारणारी बेजबाबदार माणसे, असे लेखकाने सरसकट ठरवून टाकले आहे. मी दोन्ही डोस वेळेवर घेतले, २५ मार्च २०२० पासून कित्येक आठवडे किराणा आणि औषधे यांखेरीज उंबरा ओलांडला नाही, आणि रोग पसरू नये म्हणून लोकांना घरी थांबवावे लागते हे मला आजही मान्य आहे. तरीही माझी तक्रार आहे, आणि ती स्वातंत्र्याविषयीचीच आहे.

एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या आदेशाने जिल्हाबंदी झाली, तेव्हा माझी थोरली बहीण, आमची आक्का, गडहिंग्लज तालुक्यातील गावी अंथरुणाला खिळलेली होती. तिला करोना नव्हता. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आता घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी पुण्याहून ई-पाससाठी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी तो नामंजूर झाला, कारण रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. घरी आणून ठेवलेल्या माणसाचे ताजे प्रमाणपत्र कोणते रुग्णालय देणार? भाच्याने डिस्चार्जची जुनी कागदपत्रे व्हॉट्सॲपवर पाठवली, ती जोडून मी पुन्हा अर्ज केला. जवळच्या चौकीत गेलो, तर दिवसभर उन्हात उभा राहून आलेला हवालदार म्हणाला, “काका, आमच्या हातात काही नाही, ऑनलाइनच बघा.” तो खरेच बोलत होता, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. आक्काच्या ओठांवर तुळशीचे पान ठेवलेले मला दिसले. पळीने पाणी घालताना त्याचा हात थरथरला, फोन अंथरुणावर पालथा पडला, आणि त्यानंतर काळ्या पडद्यामागून मला नुसते रडणे ऐकू येत राहिले. पास मंजूर झाल्याचा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी आला. अंत्यविधीला २० माणसांची परवानगी होती आणि त्या विसांत तिचा सख्खा भाऊ नव्हता.

त्या जिल्हाबंदीच्या जेमतेम पाच दिवस आधी, १७ एप्रिलला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीचे मतदान झाले होते आणि त्यासाठी मोठ्या पक्षांच्या प्रचारसभा गर्दीने भरल्या होत्या. सभेला वाट मिळते आणि मरणाच्या दारात असलेल्या बहिणीकडे जायला मिळत नाही, हे मी कोणत्या शास्त्राने समजून घ्यावे, ते लेखकाने सांगावे.

ज्या साथरोग कायद्याच्या आधारे हे निर्बंध लागले, तो १८९७ चा आहे. मुंबई-पुण्यातील प्लेगसाठी घाईने केलेल्या त्या कायद्यात अवघी चार कलमे होती. त्यांतील तिसऱ्याने आदेश मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आणि चौथ्याने आदेश राबवणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण दिले. ज्याच्यावर आदेश चालवायचा त्याने दाद कोठे मागायची, याविषयी त्यात अक्षरही नाही. प्लेगच्या तपासणीला गोरे सोजीर घरांत शिरू लागले तेव्हा पुण्यातल्या लोकांनी रोगी लपवले, आणि २०२० मध्ये इमारत सील होईल या धास्तीने आमच्या सोसायटीतील दोन घरांनी ताप लपवला. धाकाने रोग दडतो, आटोक्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात लस कोणावर सक्तीने टोचता येणार नाही असे म्हटले, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला निर्बंध घालता येतात हेही मान्य केले, मात्र ते प्रमाणात असले पाहिजेत, असे बजावले. हा जुना कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही, हे विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात नोंदवले आहे. नवा कायदा होईल तेव्हा त्यात एवढे तरी असावे, की प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी फोनवर हजर असेल, अर्ज नाकारल्याचे कारण तो तोंडी सांगेल आणि जवळच्या नातेवाइकाच्या अखेरच्या आजाराचा अर्ज त्याच दिवशी निकाली काढेल. वेबसाइटशी मला भांडता येत नाही.

जाता जाता आणखी एक. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत रस्त्यावर उठाबशा काढणाऱ्या माणसांची छायाचित्रे आपल्याच दैनिकाने थट्टेच्या ओळी देऊन छापली होती. त्यांतील कोण औषधाला निघाला होता आणि कोण भटकायला, याची चौकशी त्या वेळी कोणी केली होती काय? त्या माणसांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. त्याबद्दल आपल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी मी अजून वाचलेली नाही, ती यावी अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे