सोसायटीच्या आमसभेआधी अंक सभासदाच्या हाती पडावा म्हणून

नागपूर जिल्ह्यातील शेतकरी बंधू-भगिनी, सहकारात काम केलेली मंडळी आणि पत्रकार मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

गावच्या सेवा सहकारी सोसायटीची बातमी पेपरात कधी येते? संचालक मंडळाची निवडणूक लागली की येते, नाहीतर अफरातफर झाली की येते. मधली सगळी वर्षे पीक कर्ज वाटप होते, वसुली होते, लेखापरीक्षण होते, खत येते आणि कधी येतही नाही. त्यातले काहीच छापून येत नाही. सोसायटी ज्याच्या भागभांडवलावर उभी आहे, त्या सभासदालाच तिची अवस्था सगळ्यांत शेवटी कळते.

ही उणीव भरून काढायची म्हणून काही निवृत्त गटसचिव (म्हणजे सोसायट्यांचे दप्तर सांभाळणारे सचिव), लेखापरीक्षक, तालुक्याचे वार्ताहर आणि आम्ही शेतकरी सभासद मिळून नागपुरातून दरमहा आठ पानांची पत्रिका काढतो. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यापासून कुही-भिवापूरच्या धान-मिरचीच्या गावांपर्यंत ती जाते. सोसायटीच्या भिंतीवर लागते, ग्रामपंचायतीत वाचली जाते. ती बंद पडू नये आणि यंदाच्या आमसभांच्या आधी आणखी गावांत पोहोचावी, यासाठी हे आवाहन आहे.

आम्ही छापतो काय, ते एका उदाहरणाने सांगतो. लेखापरीक्षण अहवालात ‘अनिष्ट तफावत’ असा एक शब्द असतो. समजा, सोसायटीला जिल्हा बँकेचे ८० लाख रुपये देणे आहे आणि सभासदांकडून सोसायटीला येणे आहे फक्त ५५ लाख. म्हणजे सगळ्या थकबाकीदारांनी पै न पै भरली, तरी २५ लाखांचा खड्डा उरतोच. ही तफावत वाढत गेली की बँक हात आखडता घेते, आणि ज्याने दरवर्षी मार्चच्या आत कर्ज फेडले त्या शेतकऱ्यालाही जूनमध्ये पेरणीसाठी पैसे मिळत नाहीत. तो बिचारा सावकाराचा उंबरठा चढतो. हे आकडे अहवालात असतात. पण आमसभेत सचिव अहवाल भराभर वाचतात, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि चहा सुटतो. आम्ही हीच ओळ मोठ्या टाइपात, साध्या मराठीत, चौकटीत छापली. त्यानंतर कुही तालुक्यातल्या एका आमसभेत एक ताई अंक हातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आपल्या सोसायटीची तफावत किती, ते आधी सांगा, मग मंजूर म्हणतो.’ त्या दिवशी विषयपत्रिकेवरचा प्रत्येक विषय सावकाश वाचला गेला. छापील कागदाने एवढे होऊ शकते, यावर आमची श्रद्धा आहे ती अशा अनुभवांमुळे.

कायदा सभासदाच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे शेवटचा तपासलेला ताळेबंद, उपविधी आणि आमसभेचे इतिवृत्त सोसायटीच्या कार्यालयात जाऊन फुकट पाहता येते. आपल्या नावावरचे व्यवहारही पाहता येतात. किती सभासदांना हे माहीत आहे? हे सांगण्याचे काम वर्तमानपत्राचेच आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला आणि सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याची बाजू मांडली. पत्र खेड्यात निघत होते, म्हणून ते खेड्याला आपले वाटले. आपल्या जिल्ह्याने याची उलटी बाजूही पाहिली आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ साली बाहेर आला. नागपूरच्या न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. घोटाळा झाल्यावर रकानेच्या रकाने भरले आणि ते भरायलाच हवे होते. पण ताळेबंद वाचणारे चार वार्ताहर आधीपासून प्रत्येक तालुक्यात असते, तर शेतकऱ्याचे एवढे हाल झाले नसते असे आम्हाला मनापासून वाटते. फक्त घोटाळ्याचीच बातमी होणे हा चांगल्या चाललेल्या सोसायट्यांवरही अन्यायच आहे. वसुली चोख ठेवणारी, वेळेवर खत देणारी सोसायटी कुणाच्या बातमीत नसते.

आता मदतीचे. छपाई आणि टपाल धरून एका अंकाला ५ रुपये पडतात. एका गावाला दरमहा दहा अंक, म्हणजे वर्षाचे ६०० रुपये. आपल्या मूळ गावाच्या नावाने तेवढे दिलेत तरी ते गाव वर्षभर जोडले जाईल. नागपुरात नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावलेल्यांना आमची ही खास विनंती आहे. वावर सुटले असेल, पण सातबारा आणि सोसायटीचे सभासदत्व अजून बऱ्याच घरांत आहे. संचालक किंवा निवडणुकीतील उमेदवारांची जाहिरात आम्ही घेत नाही, म्हणून वाचकांच्या वर्गणीवाचून आम्हाला दुसरा आधार नाही. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च अंकातच छापला जाईल.

पैशाइतकीच गरज माणसांची आहे. निवृत्त लेखापरीक्षकांनी महिन्यातून एक संध्याकाळ अहवाल समजावून द्यावा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातल्या एका तरी आमसभेला पूर्ण वेळ बसावे आणि वृत्तांत लिहून आणावा. बसभाडे आम्ही देऊ. दैनिकांच्या संपादकांना हात जोडून विनंती की आठवड्याला अर्धा रकाना सोसायट्यांसाठी राखावा. आमचा मजकूर नावाशिवाय छापला तरी चालेल. आणि ज्यांच्या घरी सोसायटीचे जुने वार्षिक अहवाल पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत, आमच्याकडे पाठवावेत. पाच-दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की संस्था कुठे चालली आहे ते सभासदाला लगेच दिसते.

आमसभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि त्यांच्या नोटिसा १४ दिवस आधी निघतात. त्यामुळे विशेष अंक ऑगस्टअखेर गावोगाव पोहोचायलाच हवा. वर्गणी, अहवाल आणि नावनोंदणी त्याआधी यावी. खात्याचा तपशील आणि संपर्क सोबतच्या पत्रकात दिला आहे. वर्गणी पाठवताना गावाचे आणि सोसायटीचे नाव न विसरता लिहावे, म्हणजे अंक थेट तिथे पाठवता येतील.

आपले,
संपादक मंडळ व सभासद, नागपूर