टॅरो पाहायला येताना प्रश्न नेमका हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली काही वर्षे मी राजारामपुरीत घरीच टॅरो कार्ड पाहते. पत्त्यांतून पुढचे सारे कळते असा माझा दावा नाही. ७८ पत्त्यांचा हा प्रकार पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाला. मी वापरते त्या संचातील चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली असून तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्या चित्राच्या निमित्ताने माणूस स्वतःच्या अडचणीकडे शांतपणे पाहतो, एवढा उपयोग मात्र मी अनुभवला आहे. पण त्यासाठी प्रश्न नेमका लागतो आणि नेमके तिथेच गाडे अडते.

गेल्या पावसाळ्यात चपला करणाऱ्या घरातील एक तरुण "माझं कसं होईल?" एवढेच विचारत आला. पत्ते पिसण्याआधी अर्धा तास बोलल्यावर उलगडले, की महाद्वार रोडलगत गाळा भाड्याने घ्यावा की घरीच माल करून व्यापाऱ्यांना द्यावा, हा त्याचा पेच होता आणि अनामत पंधरा दिवसांत भरायची होती. तेव्हा आम्ही प्रश्न असा मांडला : "गाळा घेण्याआधी मी कशाची तजवीज करायला हवी?" पत्ता निघाला 'एट ऑफ पेंटॅकल्स', म्हणजे आठ चकत्यांचा. त्यावर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने चकती घडवणारा कारागीर आहे, शेजारी तयार चकत्या टांगल्या आहेत आणि गाव मागे लांब राहिले आहे. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, मी गाळ्यावर बसलो तर चपला करणार कोण?" कारागिराच्या मजुरीचा हिशेब वडिलांबरोबर मांडतो, असे सांगून तो गेला.

याउलट एका भगिनीने दुसरीकडे "घरात काय होईल?" असे विचारले होते. 'डेथ'चा पत्ता निघताच यजमानांच्या जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांच्याकडून शांतीसाठी पैसे घेतले गेले. वास्तविक हा पत्ता बहुधा एखादी गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याच्या अर्थाने वाचतात. प्रश्न मोघम असला, की त्यात हवी ती भीती भरायला सांगणारा मोकळा राहतो, याचे मला फार वाईट वाटते. माझ्या कोकणातील आजोळी देवाला कौल लावतानासुद्धा, कोणते काम, कोणाचे आणि कशासाठी, हे गाऱ्हाण्यात आधी स्पष्ट सांगावे लागे.

म्हणून येणाऱ्यांना विनंती, की काय ठरवायचे आहे, कधीपर्यंत आणि त्यातले आपल्या हातात किती आहे, हे घरूनच चिठ्ठीवर लिहून आणावे. "सासूबाईंच्या मनात काय आहे?" याऐवजी "वेगळे राहण्याचा विषय त्यांच्याजवळ कसा काढू?" असे विचारावे. आजाराचा प्रश्न डॉक्टरांकडे आणि कोर्टकज्जाचा वकिलांकडेच न्यावा. मनासारखा पत्ता येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये. तसे करणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

पत्ते पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनीही समोरच्याचा प्रश्न एका वाक्यात नीट उतरेपर्यंत संचाला हात लावू नये आणि त्यासाठी गेलेल्या वेळेचे वेगळे पैसे घेऊ नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक टॅरोवाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर